जुजुत्सू स्पर्धेतील व्यक्तिगत डावयोजना

जुजुत्सूच्या स्पर्धेत उतरणारा खेळाडू आपली शरीरयष्टी, आपले हुकमी डाव आणि स्पर्धेचे नियम ध्यानात घेऊन पहिल्या पकडीपासून प्रतिस्पर्ध्याच्या शरणागतीपर्यंतचा जो मार्ग आगाऊ आखून ठेवतो, त्यास व्यक्तिगत डावयोजना म्हणतात. जुजुत्सू ही मूळची जपानी निःशस्त्र द्वंद्वविद्या असून विसाव्या शतकात ब्राझीलमध्ये तिला ‘जिउ-जित्सू’ या नावाने स्वतंत्र क्रीडाप्रकाराचे रूप आले. या खेळात प्रतिस्पर्ध्याचा सांधा आवळून अथवा गळा दाबून त्याला शरण आणणे हे अंतिम साध्य असते. शरण जाणारा खेळाडू हाताने दोनतीन वेळा थाप मारून तसे सूचित करतो. मराठी कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती निकाली होते. जुजुत्सूत मात्र पाठ टेकल्यावर खेळाचा मोठा आणि अधिक गुंतागुंतीचा भाग सुरू होतो. शक्य डावांची संख्या त्यामुळे इतकी वाढते, की ते सगळे सारख्याच प्रमाणात आत्मसात करणे कोणालाही साधत नाही. निवड करावीच लागते आणि डावयोजनेचा इतिहास हा या निवडीचा इतिहास होय. अशी निवड प्रथम ज्यांनी काटेकोरपणे केली, ते बहुधा अंगाने लहान, उशिरा शिकू लागलेले किंवा नियमांनी कोंडलेले खेळाडू होते, असे दिसून येते.

जपानमधील सरंजामी काळातील जुजुत्सूच्या संप्रदायांत (‘र्यू’) शिक्षण मुख्यत्वे ठरावीक आकृतिबंधांच्या (‘काता’) पुनरावृत्तीतून होई. गुरूने दाखविलेला क्रम शिष्याने जसाच्या तसा गिरवावयाचा असे. त्यात शिष्याच्या शरीराचा किंवा स्वभावाचा विचार गौण ठरे. काही संप्रदायांत मुक्त सरावाची (‘रांदोरी’) पद्धतही होती आणि तिच्यातूनच पुढील बदल घडून आला. ज्यूदोचे प्रवर्तक जिगोरो कानो (१८६०–१९३८) हे तेन्जिन शिन्यो-र्यू संप्रदायात शिकत असताना फुकुशिमा कानेकिची नावाचा एक धिप्पाड सहाध्यायी त्यांना सरावात सतत हरवीत असे. कानो चणीने ठेंगणे होते. त्यांनी प्रथम सुमोतील डाव शिकून पाहिले. ते उपयोगी पडेनात, तेव्हा ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तके धुंडाळली. खाली वाकून प्रतिस्पर्ध्याला दोन्ही खांद्यांवर आडवे उचलण्याचा एक डाव त्यांना तेथे गवसला. मराठी कुस्तीतील कलाजंग या डावाशी त्याचे साम्य आहे. मित्रांबरोबर गुपचूप सराव करून कानोंनी तो फुकुशिमावर यशस्वी केला. ज्यूदोत तो पुढे ‘काता-गुरुमा’ या नावाने रूढ झाला. एका विशिष्ट प्रतिस्पर्ध्यासाठी, एका विशिष्ट शारीरिक उणिवेवर उपाय म्हणून, परंपरेबाहेरून आणलेला हा डाव म्हणजे व्यक्तिगत डावयोजनेचे अगदी प्रारंभीचे नोंदलेले उदाहरण मानावयास हरकत नाही. कानोंनी १८८२ मध्ये टोकिओत कोदोकान ही संस्था स्थापन केली आणि मुक्त सरावाला शिक्षणक्रमात मध्यवर्ती स्थान दिले. [⟶ ज्यूदो].

कोसेन स्पर्धा : डावयोजनेला पद्धतशीर रूप आले, ते जपानमधील उच्च विद्यालयांच्या सांघिक ज्यूदो स्पर्धांमुळे. क्योतो इंपीरियल विद्यापीठाच्या पुढाकाराने १९१४ पासून भरू लागलेल्या या स्पर्धा ‘कोसेन’ नावाने प्रसिद्ध आहेत. प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असत. वजनगट नव्हते. जिंकणारा खेळाडू आखाड्यातच राही व त्याला पुढच्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजावे लागे. सामना बरोबरीत सुटला, तर दोघेही बाद होत. निर्विवाद विजयाखेरीज अन्य कोणत्याही गोष्टीला मोल नव्हते आणि प्रतिस्पर्ध्याला फेकल्यावाचून सरळ खाली ओढून नेण्यास मुभा होती.

या नियमांचे परिणाम दूरगामी ठरले. उच्च विद्यालयातील शिक्षण तीन वर्षांचे असे. उभ्याने फेकण्याच्या डावांत प्रावीण्य येण्यास लहानपणापासूनची तालीम लागते. ती ज्यांनी घेतलेली नाही, अशा सतराअठरा वर्षांच्या नवख्या विद्यार्थ्याला तीन वर्षांत त्या डावांत निष्णात करणे दुरापास्त होते. जमिनीवरील डाव मात्र चिकाटीने घोटून घेता येतात, हे प्रशिक्षकांच्या ध्यानात आले. कानाझावा येथील चौथ्या उच्च विद्यालयाने पहिली सलग सात वर्षे अजिंक्यपद राखले, ते अशाच कष्टाळू जमिनी खेळाच्या बळावर. ओकायामा येथील सहाव्या उच्च विद्यालयाने १९२२ साली ते त्यांच्याकडून हिसकावून घेतले. तेथील प्रशिक्षक कानेमित्सू याइचिबेई यांच्या शिष्यवर्गात, दोन्ही पायांच्या त्रिकोणात प्रतिस्पर्ध्याची मान व एक हात कोंडून गळा दाबण्याची पकड सिद्ध झाली. ‘सांकाकू’ नावाने ओळखली जाणारी ही पकड आज जगातील बहुतेक जुजुत्सू-शाळांत पहिल्यादुसऱ्या वर्षीच शिकवतात. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबण्यास पायांचे बळ वापरले जात असल्याने, हातांत फारशी ताकद नसलेल्या खेळाडूलाही ती साधते.

कोसेन संघांत आणखी एक श्रमविभागणी होती आणि डावयोजनेच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची होय. काही खेळाडूंचे काम जिंकणे हे असे, तर काहींचे काम केवळ बरोबरी साधणे हे असे. दुसऱ्या प्रकारचा खेळाडू प्रतिपक्षाच्या बलवान मल्लासमोर कासवासारखा गुडघे व कोपरे पोटाशी घेऊन, मान आत ओढून बसे आणि वेळ संपेपर्यंत त्याला काहीही करू देत नसे. आपल्या बदल्यात विरुद्ध बाजूचा उत्तम खेळाडू बाद करणे, हाच त्याचा पराक्रम. प्रेक्षकांच्या दृष्टीने हा खेळ रटाळ असे आणि कोदोकानलाही तो रुचला नाही. जमिनीवर जाण्याविषयीचे निर्बंध कोदोकानने पुढे कडक केले. परंतु ज्याच्या अंगी विशेष गुण नाही, अशा सामान्य खेळाडूलाही नेमके, मर्यादित आणि साध्य उद्दिष्ट देता येते, ही जाणीव येथे प्रथम स्पष्टपणे रुजली. विख्यात जपानी कादंबरीकार इनोउए यासुशी (१९०७–९१) हे चौथ्या उच्च विद्यालयाच्या ज्यूदो पथकात होते. त्यांच्या ‘किता नो उमी’ या आत्मचरित्रपर कादंबरीत, गुणवत्तेपेक्षा सरावाच्या राशीवर श्रद्धा ठेवणाऱ्या या मुलांचे चित्रण आढळते. दुसऱ्या महायुद्धाबरोबर कोसेन स्पर्धा खंडित झाल्या. जपानमधील पूर्वीच्या सात इंपीरियल विद्यापीठांच्या वार्षिक स्पर्धांत मात्र १९५२ पासून जवळजवळ हेच नियम पाळले जातात.

ब्राझीलमधील परंपरा : कोदोकानचे खेळाडू मित्सुयो माएदा (१८७८–१९४१) हे १९०४ मध्ये जपानबाहेर पडले. अमेरिका, यूरोप व मध्य अमेरिकेत निरनिराळ्या पद्धतींच्या मल्लांशी झुंजी देत ते १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि पुढे अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळील बेलें या शहरी स्थायिक झाले. त्यांच्या परंपरेत शिकलेल्या कार्लोस ग्रेसी (१९०२–९४) याने १९२५ मध्ये रिओ दे जानेइरो येथे शाळा काढली. त्याचा धाकटा भाऊ एलिओ (१९१३–२००९) हा शरीराने सडपातळ होता. त्याच्या अशक्तपणाच्या ज्या कथा त्या घराण्यात सांगितल्या जातात, त्यांत अतिशयोक्ती असावी. तथापि आपल्याहून वजनदार माणसांशी त्याला वारंवार झुंजावे लागले, हे खरे. त्यासाठी त्याने स्वीकारलेली योजना साधी होती. पाठीवर पडून प्रतिस्पर्ध्याला दोन्ही पायांच्या विळख्यात धरावयाचे, त्याचे बळ खर्ची पडू द्यावयाचे, स्वतः चूक करावयाची नाही आणि त्याची चूक होण्याची वाट पाहावयाची. पाठीवरील या स्थितीला ‘गार्ड’ म्हणतात. अन्य कुस्तीप्रकारांत पराभवाचे लक्षण ठरणारी ही अवस्था ब्राझीलमध्ये आक्रमणाचे ठाणे बनली.

या योजनेची खरी कसोटी २३ ऑक्टोबर १९५१ रोजी माराकाना क्रीडागारात लागली. प्रतिस्पर्धी होता जपानचा अजिंक्यवीर किमुरा मासाहिको (१९१७–९३). फेक अथवा दाबून ठेवणे यांस किंमत नव्हती. शरणागती किंवा बेशुद्धी यांनीच निकाल लागावयाचा होता. असे नियम एलिओला अनुकूल वाटावेत, हे स्वाभाविक आहे. त्याच वर्षी किमुराच्या पथकातील कातो युकिओ याच्याशी त्याने आधी बरोबरी साधली होती व दुसऱ्या सामन्यात गळा दाबून त्याला हरविले होते. परंतु कातो आणि किमुरा यांच्यात मोठा फरक होता. किमुरा वजनाने बराच अधिक तर होताच, शिवाय तो स्वतः कोसेन स्पर्धांत खेळलेला होता. १९३६ मध्ये त्याच्या ताकुशोकू विद्यापीठाच्या पूर्वपरीक्षा विभागाने ती स्पर्धा जिंकली होती. जमिनीवरच्या चिवट प्रतिकाराशी त्याचा परिचय जुना होता. त्याने एलिओला अनेकवार फेकले आणि दुसऱ्या फेरीत त्याचा हात कोपरात दुमडून पाठीमागे पिळण्याची ‘उदे-गारामी’ ही पकड घातली. हात मोडला, तरी एलिओने थाप मारली नाही. अखेर कार्लोसने मध्ये पडून सामना थांबविला. ती पकड तेव्हापासून ब्राझीलमध्ये व पुढे सर्वत्र ‘किमुरा’ या नावानेच ओळखली जाते. विजेत्याचा असा सन्मान पराभूत घराण्याने करावा, हे क्रीडेतिहासात विरळाच घडते.

ब्राझीलमध्ये या पराभवाचे वर्णन नैतिक विजय असे करण्यात येते. डावयोजनेचा अभ्यासक त्यातून थोडा वेगळा बोध घेईल. न हरण्याची योजना आणि जिंकण्याची योजना या दोन भिन्न गोष्टी आहेत. एलिओपाशी पहिली परिपूर्ण होती. किमुरासारख्या माणसाविरुद्ध दुसरीकडे जाणारा रस्ता तिच्यात नव्हता. चार वर्षांनी, १९५५ मध्ये, त्याचाच पूर्वीचा शिष्य वाल्देमार सांताना याच्याशी झालेली झुंज साडेतीन तासांहून अधिक चालली आणि बेचाळिशीतील एलिओ अखेरीस थकून पराभूत झाला. प्रतिस्पर्ध्याला थकविण्याची योजना तरुण व तितक्याच जाणत्या माणसासमोर उलटते, हेही त्या दिवशी दिसून आले. पुढच्या पिढीतील रोल्स ग्रेसी (१९५१–८२) याने कुस्ती, साम्बो व ज्यूदो यांतील डाव मोकळेपणाने स्वीकारून घराण्याच्या बचावप्रधान खेळाला आक्रमक वळण दिले.

गुणपद्धती आणि तिचे परिणाम : तत्कालीन ग्वानाबारा राज्यात १९६७ साली जुजुत्सूचा संघ स्थापन होऊन स्पर्धांना नियमबद्ध रूप येऊ लागले. राष्ट्रीय महासंघ १९९४ मध्ये निघाला व पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९६ मध्ये रिओ येथे भरली; २००७ पासून ती कॅलिफोर्नियात भरते. रूढ नियमांनुसार प्रतिस्पर्ध्याला खाली पाडणे, गार्डमधून त्याला उलथवून वर येणे अथवा त्याच्या पोटावर गुडघा रोवणे यांस प्रत्येकी २ गुण, त्याचे पाय ओलांडून गार्ड भेदणे यास ३ गुण आणि छातीवर स्वार होणे किंवा पाठीचा ताबा घेणे यास ४ गुण मिळतात. काळ्या पट्ट्याच्या प्रौढ गटात सामना १० मिनिटांचा असतो. वेळेआधी शरणागती झाल्यास गुणांना अर्थ उरत नाही. प्रत्यक्ष झुंजीत कोणती जागा अधिक सुरक्षित आणि अधिक घातक, याचा अनुभवसिद्ध श्रेणीक्रम या आकड्यांत गोठविलेला आहे.

परंतु आकडे आले की हिशेब येतो. स्वतःहून खाली बसून गार्ड घेणाऱ्यास गुण मिळत नाहीत, तसे ते जातही नाहीत. त्यामुळे उभ्याने खेळण्याचा धोका टाळून कित्येक खेळाडू सामना सुरू होताच बसू लागले. दोघेही एकाच वेळी बसण्याचे प्रसंग इतके वाढले, की त्याविरुद्ध स्वतंत्र नियम करावा लागला. पहिल्या मिनिटात दोन गुण मिळवून उरलेली नऊ मिनिटे ते सांभाळीत बसणे हीही एक योजनाच होय आणि तिने पदके मिळतात, हे नाकारता येत नाही. मात्र जो खेळ शरणागतीसाठी जन्मला, त्यात ती कोसेनमधील कासवाचीच पुनरावृत्ती ठरते आणि तेथे त्याला संघहिताचे जे समर्थन होते, तेही येथे नाही. अबू धाबी येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या, अंगरखा न घालता खेळल्या जाणाऱ्या ‘एडीसीसी’ स्पर्धेत सामन्याच्या पूर्वार्धात गुण न देण्याचा आणि उत्तरार्धात स्वतःहून खाली बसणाऱ्यास ऋण गुण देण्याचा नियम आहे. तेथे जाणाऱ्या खेळाडूला आपली योजना जवळजवळ मुळापासून बदलावी लागते.

योजनेची घडण : प्रचलित प्रशिक्षणपद्धतीत योजनेची आखणी सामान्यतः शेवटाकडून आरंभाकडे केली जाते. खेळाडूच्या शरीराला मानवणारी एक शरणागतीची पकड प्रथम निश्चित होते. लांब पायांच्या व्यक्तीला त्रिकोणी पकड, आखूड व जाड बाहूंच्या व्यक्तीला समोरून मान आवळणे, ही उदाहरणे नेहमी दिली जातात. अपवादही तितकेच आढळतात. त्या पकडीपूर्वी कोणती जागा घ्यावी लागेल, त्या जागेपूर्वी कोणता डाव, त्या डावापूर्वी अंगरख्याची वा मनगटाची कोणती पकड, असे मागे मागे येत योजना पहिल्या स्पर्शापर्यंत आणली जाते. नंतर प्रत्येक पायरीवर प्रतिस्पर्धी देऊ शकेल अशा दोन किंवा तीन नेहमीच्या तोडी विचारात घेऊन त्यांवर पुढचे डाव बसविले जातात. चांगल्या योजनेत तोड केल्याने प्रतिस्पर्धी दुसऱ्याच सापळ्यात येतो. सर्वांत वाईट जागेतून, म्हणजे छातीवर स्वार झालेल्या किंवा पाठीला चिकटलेल्या प्रतिस्पर्ध्यापासून सुटका, हा योजनेचा भाग अनेकजण विसरतात. वास्तविक आक्रमणाचे धाडस त्या सुटकेवरील विश्वासातूनच येते. नवे डाव आधी आपल्याहून कच्च्या जोडीदारांवर, मग बरोबरीच्यांवर घोटून मगच स्पर्धेत आणावेत, हा संकेत तालमीतील जुन्या शिरस्त्याहून वेगळा नाही.

उल्लेखनीय खेळाडू : ग्रेसी घराण्यातील रोजर ग्रेसी (१९८१–    ) याचा खेळ या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. पायांचा बंद विळखा, छातीवर स्वार होणे आणि अंगरख्याच्या दोन्ही कडा उलटसुलट हातांनी धरून गळा दाबणे, हे पहिल्या महिन्यात शिकविले जाणारे डाव त्याने आयुष्यभर वापरले. २००९ च्या जागतिक स्पर्धेत स्वतःच्या वजनगटात आणि खुल्या गटात त्याने एकूण एक प्रतिस्पर्ध्याला शरण आणले आणि त्यांपैकी बहुतेकांना याच एका पकडीने. काय येणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. असे असूनही त्याची योजना ताठर नव्हती : २०१७ मध्ये रिओ येथे मार्कुस आल्मेइदा ऊर्फ ‘बुशेशा’ याच्याविरुद्धच्या निरोपाच्या सामन्यात छातीवर जाण्याऐवजी पाठीचा ताबा घेऊन त्याने विजय मिळविला.

मार्सेलो गार्सिया (१९८३–    ) याचे उदाहरण याहून निराळे. मध्यम वजनाच्या या खेळाडूने २००३ च्या साऊँ पाउलू येथील एडीसीसी स्पर्धेपासून चार वेळा ते अजिंक्यपद पटकाविले. आपल्याहून कितीतरी जड माणसांशी खुल्या गटात खेळावयाचे असल्याने, जड माणसाखाली अडकवू शकेल असा प्रत्येक डाव त्याने वर्ज्य केला. बसून पायांच्या आकड्यांनी प्रतिस्पर्ध्याला उचलणे, हात ओढून त्याच्या पाठीमागे जाणे आणि मान आवळणे एवढ्यावर त्याचा खेळ उभा राहिला. स्वतःच्या दैनंदिन सरावाची चित्रीकरणे त्याने, स्पर्धा जवळ आलेली असतानाही, वर्गणीदारांना खुली ठेवली होती. विरोधकांनी ती अभ्यासली तरी फारसा फरक पडला नाही. कारण अभ्यासाने डाव कळतो, त्यामागील हजारो आवृत्त्या हाती लागत नाहीत.

याच काळात राफाएल मेंदेस व रुबेन्स शार्ल्स ‘कोब्रिन्या’ या हलक्या वजनाच्या खेळाडूंच्या दीर्घ स्पर्धेतून पायांत पाय अडकवून खालून फिरत पाठीवर जाण्याचे सूक्ष्म तंत्र विकसित झाले. जड गटांत त्याचा उपयोग मर्यादित राहिला. न्यूयॉर्क येथे न्यूझीलंडचे प्रशिक्षक जॉन डॅनाहर यांनी २०१० नंतरच्या दशकात पायांच्या सांध्यांवरील पकडींची सुसंगत शिकवण तयार केली. ब्राझीलमध्ये या पकडी दीर्घकाळ हलक्या प्रतीच्या मानल्या गेल्या होत्या, म्हणून त्यांवरील बचावही तेथे कच्चा राहिला होता. डॅनाहर यांच्या शिष्यांनी नेमक्या याच उणिवेवर आपली योजना उभारली. त्यांतील गॉर्डन रायन याने तर काही सामन्यांपूर्वी आपण कोणत्या पकडीने जिंकणार, हे लिहून बंद पाकिटात ठेवले आणि सामन्यानंतर ते उघडून दाखविले.

या यशाचा दाब नियमांवरही पडला. टाच पिळून गुडघ्याचे बंध ताणणारी पकड वेदनेची पूर्वसूचना देण्याआधीच इजा करते, म्हणून आंतरराष्ट्रीय जुजुत्सू महासंघाने ती निषिद्ध ठरविली होती. अंगरख्याविना होणाऱ्या स्पर्धांतील तपकिरी व काळ्या पट्ट्याच्या प्रौढ खेळाडूंसाठी हा निर्बंध २०२१ मध्ये उठविण्यात आला. पंधरावीस वर्षे या पकडीचा विचारही न केलेल्या खेळाडूंना त्यामुळे आपल्या योजनेत बचावाचे एक नवे प्रकरण जोडावे लागले. कित्येकांना आवडता गार्ड सोडून द्यावा लागला, कारण त्यात पाय प्रतिस्पर्ध्याच्या हाती जात होता. अंगरखा घालून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांत ही बंदी कायम असल्याने एकाच खेळाडूला आता दोन स्वतंत्र योजना बाळगाव्या लागतात.